चार नंबरच्या कॉलममधला मणी

चार नंबरच्या कॉलममध्ये प्लॅटिनम सापडलं, तेव्हा आकाराम साळुंख्यांच्या मनात पहिला शब्द आला तो 'चोर'.

त्यात त्यांचा फारसा दोष नव्हता. आकाराम मूळचे खानापूर तालुक्यातले, घराणं गलाईवाल्यांचं. देशभरातल्या सोनारपेठांमध्ये या भागातली माणसं पिढ्यान् पिढ्या एकच काम करत आली आहेत. सोनाराच्या दुकानातली झाडलोट, भट्टीची राख, हात धुतलेलं पाणी, एवढंच काय, दारातलं फाटकं पायपुसणंसुद्धा उचलून आणायचं, जाळायचं, आम्लात उकळायचं आणि त्यात लपून बसलेलं सोनं गाळून काढायचं. आकारामांनी वडिलांच्या हाताखाली सेलमला बावीस वर्षं भट्टी सांभाळली. राखेतून किती सोनं निघायला हवं आणि किती निघालं, एवढ्यावरून दुकानातला कोणता कारागीर सोन्याचा कीस केसांत घासून घरी नेतो हे ते बिनचूक ओळखत. ओळखत, पण बोलत नसत. वडिलांचे दोन नेम होते. राखेनं सांगितलेलं तिसऱ्याला सांगायचं नाही. आणि गाळून निघालेल्या सोन्याचा मणी द्यायचा तो पुरा गाळलेला, ज्याच्या घरची राख त्याच्याच हातात.

आम्लाच्या वाफांनी छाती बिघडली तसे आकाराम गावाकडे परतले. तासगाव रस्त्याच्या माळावर तेव्हा रसायनशास्त्राची एक संशोधन संस्था नुकतीच उभी राहिली होती. तिथल्या प्रयोगशाळांमधून निघणारं टाकाऊ पाणी सांभाळायला माणूस हवा होता. मुलाखत घ्यायला डॉ. शर्वरी वाटवे बसल्या होत्या.

"शिक्षण?" बाईंनी विचारलं.

"सातवी."

"अनुभव?"

"गटारातनं सोनं काढतो."

बाईंनी हातातला कागद बाजूला ठेवला आणि दोन चहा मागवले. म्हणाल्या, "बसा." आकाराम म्हणाले, "बसाय येळ कुटं हाय, भट्टी दावा." त्याला आता अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत आकाराम बाईंच्या खोलीत दिवसातून चार वेळा जात, दाराला टेकून उभे राहत, चहात साखर किती असावी यावरून वाद घालत, आणि एकदाही खुर्चीवर बसले नव्हते.

ते दिवसच असे होते, की टाकाऊ पाण्याला मान आला होता. एसटीच्या निम्म्या गाड्या हायड्रोजनवर धावत होत्या. हायड्रोजनपासून वीज करायची तर यंत्राच्या पोटात प्लॅटिनमचा पातळसा थर लागतोच. खाणींतून ते पुरेसं निघेना, म्हणून वाहून जाणारा कण न् कण धरून ठेवायची धडपड चालली होती. आणि त्या धडपडीत बाईंच्या दाण्यांनी बाजी मारली होती.

दाणे म्हणजे रेझीनचे. मोहरीहूनही बारीक, मधाच्या रंगाचे. प्रत्येक दाण्याच्या अंगभर धनभाराच्या असंख्य जागा, आणि प्रत्येक जागेवर एकेक क्लोराइड आयन बसलेला. आम्ल घातलेल्या पाण्यात सोनं किंवा प्लॅटिनम एकटं फिरत नाही. ते आपल्याभोवती चार-सहा क्लोराइड जमवून ऋणभाराचं मोठं आयन होऊन फिरतं. असं पाणी दाण्यांमधून गेलं, की जागेवरचं साधं क्लोराइड उठतं आणि हा वजनदार पाहुणा तिथे बसतो. लग्नाच्या पंगतीत घरच्यानं उठून पाहुण्याला पाट द्यावा तसंच. यालाच आयन-विनिमय म्हणतात, आणि हे शास्त्र काही नवं नाही. जुन्या दाण्यांची अडचण अशी होती, की लोखंड, जस्त असले आगंतुकही त्याच पंगतीत घुसून जागा अडवत. बाईंनी पंधरा वर्षं खपून दाण्यांच्या आतल्या जागांना असा आकार दिला, की तिथे नेमका मौल्यवान धातूच बसावा. अब्ज कणांत एक असला तरी तो सुटत नसे. पुढे वेगळ्या द्रावणानं दाणे धुतले की धातू अलगद खाली उतरे आणि दाणे पुन्हा कामाला तयार होत.

संस्थेतल्या प्रत्येक पाइपलाइनला असा एकेक कॉलम लावला होता. कॉलम म्हणजे पुरुषभर उंचीची, दाण्यांनी भरलेली काचेची नळी. तिच्याआधी एक टाकी होती. तिथे पाण्यातला सगळा जैव ऐवज अतिनील प्रकाशानं तोडून टाकत आणि आम्ल घालत. कुठल्या कॉलमला रोज कोणता धातू किती लागला, हे आकारामांच्या खोलीतल्या पडद्यावर उमटे. एक नंबरला चांदी येई, दोनला पॅलेडियम, सहाला चुकूनमाकून सोनं. चार नंबर सदा कोरडा, कारण त्या लाइनीवरची एकुलती प्रयोगशाळा डॉ. फरझाना मुल्लांची होती, आणि त्यांचं काम होतं मातीतल्या क्षारांचं.

तिथे प्लॅटिनम आलं. थोडं आलं, आठवड्याभरात ओसरलं. काही दिवसांनी पुन्हा आलं. संस्थेत प्लॅटिनमची वस्तू एकच होती, क्षार तापवायची लिंबाएवढी एक मूस, आणि ती फरझानाबाईंच्या कपाटात कुलपात होती. आकारामांनी दोन अधिक दोन चार केले. कुणीतरी मूस कडेनं जरा जरा विरघळवत होतं आणि भांडी विसळलेलं पाणी बेसिनमध्ये ओतत होतं. सेलमला हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

तिसऱ्या वेळी राहवेना म्हणून त्यांनी जुडग्यातली किल्ली काढली. फरझानाबाई जेवायला गेल्या होत्या. आकारामांनी मूस नाजूक तराजूवर ठेवली आणि बुडाला कोरलेल्या वजनाशी आकडा ताडून पाहिला. दशांशानंतरचे चारही अंक तंतोतंत जुळत होते.

"मामा," मागून आवाज आला, "माझी मूस चोरताय?"

फरझानाबाई हातात डबा घेऊन दारात उभ्या होत्या. चमचा विसरला म्हणून परत आल्या होत्या.

"चोरत न्हाई. चोर धरतोय."

"कोण चोर?"

आकारामांनी खाली बघितलं. खोटं बोलायची सवय नव्हती. "तुमीच."

फरझानाबाईंचे कान आधी लाल झाले. मग त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता त्या स्टुलावर बसल्या. "मामा, अहो, मला चोरायचीच असती तर अख्खी मूसच नेली असती ना! दाखवा बघू काय ते."

आकारामांनी खिशातून पतसंस्थेच्या कॅलेंडरचं घडी घातलेलं पान काढलं. ज्या ज्या दिवशी प्लॅटिनम आलं त्या तारखांना पेन्सिलीनं गोल केले होते. फरझानाबाईंनी तारखांवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि त्यांचं हसू हळूहळू मावळलं.

"दर एकवीस दिवसांनी," त्या म्हणाल्या. "पहिल्या दोन-तीन दिवसांत भरपूर, मग कमी कमी होत शून्य."

"व्हय. चोराचाबी नेम असतोय."

"हा चोर नाही, मामा. माझ्या खालाचं, मावशीचं, हेच वेळापत्रक होतं. मीच तिला मिरजेच्या इस्पितळात न्यायची." त्यांनी पान नीट घडी करून परत दिलं. "हे औषध आहे. कॅन्सरचं. त्याच्या रेणूच्या मधोमध प्लॅटिनमचा एक अणू असतो. तो पेशीच्या आत शिरून तिला वाढू देत नाही. काम झालं की शरीर ते लघवीतून हळूहळू बाहेर टाकतं. चार नंबरला माझी लॅब सोडून आणखी काय जोडलंय? नकाशात तर काहीच नाही."

"नकाशात नसंल." आकारामांचा आवाज एकदम खाली आला. "प्लंबरनं पाइप वाचवला हुता. मी हुतो की उभा तितं. बाईंच्या खोलीतलं संडास-न्हाणीघर सेप्टिक टाकीला जोडायचं सोडून त्यानं इकडं चारमदीच घातलंय."

बाहेर पोर्चमध्ये बाईंचा आवाज येत होता. चष्मा कुणी पाहिला का म्हणून त्या सगळ्यांवर डाफरत होत्या. चष्मा नेहमीप्रमाणे केसांत खोचलेला असणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"हे आपल्याला कळायला नको होतं," फरझानाबाई शेवटी म्हणाल्या. "त्यांनी सांगितलं नाही, म्हणजे त्यांना सांगायचं नाहीये." त्याच दुपारी त्यांनी चार नंबरचा आलेख संस्थेच्या मोठ्या पडद्यावरून काढून टाकला. तो आता फक्त कचरा कक्षातल्या, म्हणजे आकारामांच्या खोलीतल्या, छोट्या पडद्यावर दिसणार होता.

आकारामांनी वडिलांचा पहिला नेम पाळला. घरीसुद्धा सांगितलं नाही. फक्त बायकोला म्हणाले, "मालन, उद्यापास्नं नाचणीची आंबील जरा जास्त कर. पातळ, बिनमिरचीची."

"कुणाला वो?"

"हाय एकजण. पोटात अन्न ठरत न्हाई."

मालननं पुढे विचारलं नाही. तांब्याभर आंबील रोज डब्यासोबत येऊ लागली. आकाराम ती बाईंच्या टेबलावर ठेवत आणि म्हणत, "मालननं उगीच जास्त केली, मला चालत न्हाई." बाई म्हणत, "तुमच्या बायकोला माप कळत नाही," आणि तांब्या रिकामा करून परत देत. औषधाच्या चौथ्या खेपेच्या त्या वाईट आठवड्यात बाईंच्या पोटात तेवढंच काय ते राहत होतं. आकाराम दाराबाहेर उभे राहून तांब्या रिकामा होण्याची वाट बघत आणि मग हलत. या माणसावर आपला जीव आहे हे आकारामांना त्या आठवड्यात नव्यानं कळलं, आणि त्याची त्यांना थोडी लाजही वाटली.

दुसरा नेमही त्यांच्या डोक्यात होताच. चार नंबरच्या दाण्यांवर बसलेलं प्लॅटिनम एकाच घरचं होतं. ते इतर धातूंत मिसळून टाकायला त्यांचं मन होईना. त्यांनी ते वेगळं उतरवलं, करडी भुकटी वाळवली आणि हायड्रोजनच्या ज्योतीत वितळवली. सोन्याला एवढी आच लागत नाही. प्लॅटिनम डोळे दिपतील इतकं पांढरं होतं तेव्हा कुठे पाघळतं. शेवटी जो मणी उरला तो राजगिऱ्याच्या दाण्याएवढा होता. तो त्यांनी सेलमहून आणलेल्या पितळी डबीत ठेवला.

मग पाचवी खेप आली. म्हणजे यायला हवी होती. सोमवारी पडदा सपाट होता. मंगळवारी सपाट. बुधवारी आकारामांनी ठरलेल्या मापाचं प्लॅटिनमचं पाणी स्वतः कॉलममध्ये सोडून बघितलं. पडद्यावर रेघ लगेच उठली, म्हणजे यंत्र ठीक होतं. पुढचा सोमवारही कोराच गेला.

बाई तर रोज येत होत्या. उलट जास्तच खुशीत होत्या. सांगलीच्या पालिकेनं सगळ्या शहराच्या सांडपाण्यावर बाईंचे दाणे लावायचं ठरवलं होतं, आणि दाण्यांची पहिली खेप सहा आठवड्यांत पोचवायची होती. पालिकेनं ते काम बाईंच्याच देखरेखीखाली व्हावं असं लिहून दिलं होतं. दाणे पुरेसे फुगले की नाही हे यंत्र सांगे, पण बाईंचा त्याच्यावर विश्वास नसे. ओले दाणे अंगठा आणि तर्जनीत चोळायचे, आणि 'झालं' किंवा 'अजून नाही' म्हणायचं, ही त्यांची रीत होती. ही रीत त्यांना आकारामांनीच शिकवली होती.

त्या गुरुवारी आकाराम मोठ्या पिंपाशी गेले, तेव्हा बाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांनी धुतलेले दाणे बोटावर घेतले, चोळले, पुन्हा चोळले. मग इकडेतिकडे बघितलं आणि दाण्यांचं बोट ओठांवरून फिरवलं.

आकाराम तिथूनच मागे फिरले. बोटं मेली होती बाईंची. औषधाच्या सहा खेपा असतात, त्यानं हाता-पायांच्या टोकांना बधिरपणा येतो, कानही थोडे जातात, हे फरझानाबाईंनी सांगितलं होतं. बाईंनी हात वाचवायला औषध सोडलं होतं.

कचरा कक्षात बसून आकारामांनी खूप विचार केला. राखेनं सांगितलेलं तिसऱ्याला सांगायचं नाही. बरोबर आहे. पण बाई तिसऱ्या कुठे होत्या? राखेच्या मालकीण त्याच होत्या. वडील असते तर त्यांनाही हे पटलं असतं, अशी स्वतःची समजूत घालून त्यांनी पितळी डबी उचलली.

"बाई, हात पुढं करा."

"काय आहे? पेढा?" बाई संगणकावरून नजर न काढता म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

आकारामांनी मणी त्यांच्या तर्जनीच्या टोकावर ठेवला. "चोळून बगा."

बाईंनी अंगठा फिरवला. "काय चोळू? काही नाहीये इथे."

मणी निसटला आणि टेबलाच्या काचेवर टिक् करून पडला. तो आवाज फक्त आकारामांना ऐकू आला. त्यांनी ओल्या बोटानं मणी टिपला आणि बाईंच्या चष्म्यासमोर धरला.

"प्लॅटिनम हाय. तुमचं."

बाई हुशार. त्यांना दुसरं वाक्य लागलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून एकामागून एक सगळं सरकत गेलं. "माझं न्हाणीघर सेप्टिक टाकीला जातं," त्या म्हणाल्या.

"नकाशात जातं."

"म्हणजे इतके दिवस तुम्ही माझ्या लघवीवर पाळत ठेवलीत?" बाईंचा आवाज चढला. "आकाराम, लाज वाटली नाही? आणि ती आंबील! मालननं उगीच जास्त केली म्हणे! आणखी कोणाकोणाला सांगितलंत?"

"कुणालाच न्हाई. फरझानाबाईंना ठावं हाय, पर त्यांनी तारखांवरनं वळखलं."

"मला वाटायचंच, हे दाणे एक दिवस कुणाची तरी चुगली करणार. पहिली माझीच करतील असं वाटलं नव्हतं." बाई खिडकीकडे वळल्या. "जा तुम्ही."

आकाराम हलले नाहीत. "चुगली केली म्हणून न्हाई आलो मी. चुगली थांबली म्हणून आलोय."

बाहेर द्राक्षांच्या मळ्यावर फवारणीचा ड्रोन घोंघावत होता.

"सहा खेपा असत्यात. चारच झाल्या," आकाराम म्हणाले.

"हात जातायत माझे." बाई हळूच म्हणाल्या. त्यांनी दोन्ही तळवे वर करून टेबलावर ठेवले, जणू ते दुसऱ्याच कुणाचे असावेत. "साडीची निरी हाताला लागत नाही. चहाचा कप तापला की गार झाला ते कळत नाही. आणखी दोन डोस घेतले तर उरलंसुरलं जाईल. पंधरा वर्षं या दाण्यांवर घालवली, आकाराम. त्यांची पहिली मोठी खेप तरी माझ्या हातून जाऊ दे. डोस मग घेईन."

"मग घेतलं तर चालंल, आसं डॉक्टर म्हनले?"

बाईंनी तळवे मिटून मांडीवर घेतले.

"डॉक्टरला इचारलंसा का?"

"नाही."

"का?"

"कारण ते नाही म्हणतील!" बाई खेकसल्या, आणि मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अकरा वर्षांत आकारामांनी ते प्रथमच पाहिलं.

"बाई," आकाराम म्हणाले, "तुमास्नी दानं चोळाय शिकवलं कुणी?"

"तुम्ही."

"मग माझी बोटं काय आंबील ढवळाय ठेवलीत? तुमी बसून सांगा, मी चोळतो. हातात काय बदल हाय?"

बाई रडता रडता हसल्या. त्यांनी हात पुढे केला. "द्या तो मणी. माझाच आहे ना?"

"तुमचाच हाय." आकारामांनी मणी डबीत टाकून झाकण लावलं. "पर देनार न्हाई. सा खेपांचा मणी हाय, चारच गाळल्यात. आमच्यात अर्धा मणी मालकाच्या हातात देत न्हाईत."

"हा कुठला नियम?"

"आमच्या बाचा."

बाईंनी एकदा डबीकडे बघितलं. "मंगळवारी मिरजेला गाडी मिळते का बघा," त्या म्हणाल्या.

डॉक्टर रागावले, पण औषध पुन्हा सुरू करायला नाही म्हणाले नाहीत. मधे पडलेला खंड बरा नव्हताच, पण वेळ हातची गेलेली नव्हती. त्याच घराण्यातलं दुसरं एक औषध होतं. तेही प्लॅटिनमचंच, पण बोटांना पुष्कळ कमी छळणारं. हात बधिर होतायत हे कळलं असतं तर आपण मागेच बदलून दिलं असतं, असं ते म्हणाले. बाई शाळेतल्या पोरीसारख्या खाली मान घालून ऐकत होत्या. आकारामांनी अशा वेळी दुसरीकडे बघायचं सौजन्य दाखवलं.

सलाइन चालू झालं. तीन तास लागणार होते. बाईंनी मांडीवर पालिकेचा आराखडा उघडला. पालिकेला प्रत्येक गल्लीच्या लाइनीला वेगळा कॉलम हवा होता, आणि रोजचा आलेख साहेबांच्या टेबलावर हवा होता. कुठल्या भागातून किती धातू येतो ते समजावं, एवढाच त्यांचा साधा हेतू होता.

"लिहून घ्या," बाई म्हणाल्या. "गल्लीवार कॉलम रद्द. सगळ्या शहराचं पाणी एकत्र आणायचं आणि मगच दाण्यांवर सोडायचं. रोजचं माप बंद. धातू तीन महिन्यांनी एकदाच उतरवायचा."

"धातू कमी न्हाई मिळनार?"

"गुंजभरही कमी नाही. फक्त तो कुणाच्या घरचा हे कुणालाच कळणार नाही. आज प्लॅटिनम कळतंय. उद्या कुणीतरी दुसऱ्या औषधांचे दाणे करील. कुठल्या घरात कोण आजारी आहे, कोण काय लपवतंय, ते सगळं साहेबांच्या पडद्यावर दिसेल. कंपनी त्यावरून माणसाची नोकरी ठरवील. मुलीचं लग्न मोडेल. गटारानं चुगली करू नये, आकाराम."

आकारामांनी लिहिलं. मग पेन थांबवलं. "खरं हाय. पर त्या चुगलीनंच तर तुमी इथं बसलासा. सगळं पाणी येकत्र झालं, तर माझ्यासारख्याला कळायचं कसं?"

"विचारायचं. तोंड दिलंय ना देवानं?"

"इचारलं असतं तर सांगितलं असतंसा?"

बाईंनी खरंच विचार केला. सलाइनचे बरेच थेंब पडून गेले.

"पहिल्यांदा विचारलं असतं, तर नसतं सांगितलं," त्या म्हणाल्या. "बरी आहे म्हटलं असतं. दुसऱ्यांदा विचारलं असतं, तर सांगितलं असतं."

दुसऱ्याच दिवशी कचरा कक्षातल्या छोट्या पडद्यावर रेघ उठली. आकारामांनी फरझानाबाईंना हाक मारून बोलावलं, आणि दोघांनी त्या रेघेकडे बघत चहा घेतला. दाण्यांची पहिली खेप वेळेवर गेली. बाई खुर्चीत बसून विचारत, "झाले?" आणि आकाराम बोटं चोळून म्हणत, "अजून न्हाई." पालिकेनं आराखड्यावर कुरकुर केली, दोन पत्रं पाठवली, आणि बाईंचं एक खरमरीत पत्र गेल्यावर मान्य केलं. सहावी खेप उरकल्यावर फरझानाबाईंनी प्लंबर बोलावला आणि बाईंचं न्हाणीघर नकाशात दाखवल्याप्रमाणे जोडून घेतलं. त्या दिवसापासून चार नंबर पुन्हा कोरडा झाला.

आकारामांनी उरलेलं प्लॅटिनम उतरवलं आणि जुन्या मण्यासकट पुन्हा वितळवलं. या वेळी मणी मोहरीएवढा झाला. पण त्यांनी तो लगेच नेला नाही. त्यांच्या मते अजून वेळ आली नव्हती.

आठ महिन्यांनी, संक्रांत होऊन गेल्यावर, ते एका दुपारी बाईंच्या दारात उभे राहिले. बाईंच्या तपासण्या तोवर दोनदा झाल्या होत्या. दोन्ही वेळा डॉक्टर "तूर्त ठीक" म्हणाले होते.

"बाई, डोळं मिटा आन् हात पुढं करा."

"आता काय?" पण बाईंनी डोळे मिटले.

आकारामांनी मणी तर्जनीच्या टोकावर ठेवला आणि त्यावर बाईंचा अंगठा टेकवला. बाई चोळू लागल्या. एकदा, दोनदा. त्यांच्या कपाळावर आठी पडली. मणी पडला तर झेलायला आकारामांनी आपला तळवा खाली धरला होता.

"थांबा," बाई म्हणाल्या. "काही बोलू नका."

अंगठा हळूहळू फिरत राहिला. मग थांबला.

"इथं आहे," बाई म्हणाल्या. "इथं, डाव्या बाजूला. गोल आहे. आता उजवीकडे सरकला." त्यांनी मूठ घट्ट मिटली, आणि मिटलेल्या डोळ्यांनीच त्या खुदकन हसल्या.

"पुरा हाय. आता तुमचा," आकाराम म्हणाले. ते जरा खाकरले. निघण्यासाठी वळले, आणि दारापाशी थांबले.

"बाई, बरं हाय नव्हं?"

"बरं आहे की. का?"

आकाराम दारातच उभे राहिले. "बरं हाय नव्हं?" त्यांनी पुन्हा विचारलं.

बाईंनी डोळे उघडले. मूठ तशीच छातीशी होती.

"पुढच्या सोमवारी तपासणी आहे," त्या म्हणाल्या. "भीती वाटते, आकाराम. बसा जरा."

आकारामांनी समोरची खुर्ची ओढली आणि ते बसले.